क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने : परवानगी मिळते, हमी मिळत नाही

दुसऱ्याने काढलेलं छायाचित्र आपल्या लेखात घ्यायचं तर कायदेशीर रस्ते मोजकेच आहेत. काढणाऱ्याला गाठून परवानगी मागायची, हक्काची मुदत संपलेली कृती शोधायची, कायद्यातल्या एखाद्या अपवादाचा आधार घ्यायचा, नाहीतर निर्मात्याने आधीच सगळ्यांना जाहीर परवानगी देऊन ठेवलेली कृती निवडायची. या शेवटच्या रस्त्यावर लेख, छायाचित्रं आणि संगीत यांच्या बाबतीत क्रिएटिव्ह कॉमन्सला आज तोड नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या या ना-नफा संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये पहिले परवाने काढले. सध्याची ४.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०१३ मधली आहे. सगळं फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, कुणाला अर्ज करावा लागत नाही. हे परीक्षण या परवान्यांचं, त्यांच्यासोबतच्या साधनांचं आणि ती जिथे तोकडी पडतात त्या जागांचं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने इतकी स्पष्ट आणि बिनखर्ची परवानगी दुसरीकडे मिळत नाही. पण परवाना देणाऱ्याकडे तो देण्याचा हक्क मुळात होता का, हे या साखळीत कोणीच तपासत नाही. ते काम वापरणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

याची गरज का पडते

कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा आहे, आणि जगातले बहुतेक देश त्यात आहेत. त्याचा गाभा असा, की कृती तयार झाली की तिच्यावर कॉपीराइट आपोआप लागू होतो. नोंदणी लागत नाही, वर्तुळातलं ‘सी’चं चिन्ह लागत नाही. त्यामुळे ‘खाली काहीच लिहिलेलं नव्हतं’ या वाक्याचा अर्थ ‘परवानगी नव्हती’ असाच होतो. हक्काची मुदत करारानुसार किमान निर्मात्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षं आहे. कित्येक देशांत ती ६० किंवा ७० आहे. म्हणजे एकच पुस्तक एका देशात मोकळं आणि शेजारच्या देशात बंद असू शकतं.

गैरसमज मोजायला बसलं तर वही पुरणार नाही, पण तीन पुन्हापुन्हा भेटतात. पहिला, श्रेय दिलं की झालं. श्रेय देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव छापल्याने परवानगी मिळत नाही. दुसरा, ३० सेकंदांपर्यंतचं गाणं किंवा दहा टक्क्यांपर्यंतचा मजकूर चालतो. असा सगळीकडे लागू होणारा आकडा कुठेच नाही. समीक्षा, शिक्षण, बातमी यांसाठी अपवाद असतात. पण ते देशागणिक वेगळे, आणि घेतलेला भाग किती महत्त्वाचा आहे हेही त्यात पाहिलं जातं. तिसरा, वस्तू विकत घेतली म्हणजे हक्कही आला. चित्र भिंतीवर तुमचं असलं तरी त्याच्या प्रती काढून विकायचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. लग्नाच्या फोटोत आपण असतो, पण करारात वेगळं काही नसेल तर अनेक देशांत त्याचा कॉपीराइट छायाचित्रकाराचा असतो.

पेटीत काय आहे

सहा परवाने आहेत आणि ते चार अटींच्या जुळणीतून तयार होतात. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे बदल करून पुढे वाटलंत तर त्याच परवान्याखाली वाटा. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नका. ‘बाय’ सहाही परवान्यांत आहे. प्रत्येक परवान्याचे तीन थर असतात : वकिलांसाठी पूर्ण मजकूर, सामान्य माणसासाठी एका पानाचा सारांश, आणि शोधयंत्रांना कळेल असा कोड. वाद झाला तर पूर्ण मजकूरच मोजला जातो. सारांश सुंदर आहे, पण तोच वाचून थांबणाऱ्यांना पुढे सांगितलेल्या अटी कधी दिसतच नाहीत.

याशिवाय दोन गोष्टी सोबत येतात. २००९ मधलं ‘सीसी झीरो’ (‘सीसी’ म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स) हे हक्क सोडून देण्याचं साधन आहे. जिथे कायद्याने हक्क पूर्ण सोडता येत नाहीत, तिथे तेच बिनअटीच्या परवान्यासारखं काम करतं. ही दुहेरी रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. २०१० मधली ‘पब्लिक डोमेन मार्क’ ही निव्वळ चिठ्ठी आहे. मुदत संपलेल्या कृतीवर ती लावतात, तिच्याने हक्क येत नाही की जात नाही. दोन्हींची चिन्हं घाईत सारखीच वाटतात, पण पहिलीत हक्कधारक बोलतो आणि दुसरीत फक्त लावणाऱ्याचं मत असतं.

एनसी आणि एनडी : सगळ्यात जास्त चुका इथे

‘एनसी’ची व्याख्या परवान्यात अशी आहे : मुख्यतः व्यापारी लाभ किंवा पैशाचा मोबदला यासाठी केलेला वापर म्हणजे व्यापारी वापर. वापर कोण करतंय यापेक्षा वापर कशासाठी होतोय हे पाहिलं जातं. त्यामुळे धर्मादाय संस्थेने निधी गोळा करायला विकलेली दिनदर्शिका ‘आम्ही ना-नफा आहोत’ एवढ्यावर सुटत नाही. उलट बाजूने, शाळेने मोफत वाटायला एनसी परवान्याचं पाठ्यसाहित्य घेतलं आणि पैसे देऊन छपाईच्या दुकानातून प्रती काढून घेतल्या, तर दुकानाने नियम मोडला असं होत नाही. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये नेमक्या अशाच दाव्यात तसा निकाल दिला.

मधला पट्टा मात्र धूसरच राहतो. जाहिराती असलेला ब्लॉग, वर्गणीदारांचा पॉडकास्ट, कंपनीच्या अंतर्गत प्रशिक्षणातली स्लाइड या सगळ्यांना व्याख्या सरळ उत्तर देत नाही. जर्मनीत हेच एका सार्वजनिक रेडिओ संस्थेच्या बाबतीत दिसलं. तिने एनसी परवान्याचं छायाचित्र आपल्या संकेतस्थळावर वापरलं होतं. कोलोनच्या कनिष्ठ न्यायालयाने २०१४ मध्ये एनसीचा अर्थ ‘निव्वळ खासगी वापर’ असा लावला. त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने तो अर्थ फेटाळला. तरीही संस्था सुटली नाही, कारण छायाचित्र कापताना त्यावरचं छायाचित्रकाराचं नाव कापलं गेलं होतं आणि बदल केल्याचा उल्लेख कुठे नव्हता. मोठ्या प्रश्नावर जिंकून क्षुल्लक वाटणाऱ्या अटीवर हरणं या क्षेत्रात नवीन नाही. आमचा सल्ला साधा आहे : पैशाचा कुठलाही धागा दिसत असेल तर एनसीची कृती बाजूला ठेवा, किंवा निर्मात्याला एक ओळ लिहून विचारा. बरेच जण आनंदाने हो म्हणतात.

‘एनडी’मध्ये आकार लहानमोठा करणं, पीएनजीचं जेपीजी करणं हे बदलात मोडत नाही. भाषांतर मोडतं, आणि चित्रावर चित्र चढवून केलेलं कोलाजही. ४.० मध्ये असा बदल स्वतःपुरता करता येतो, पण पुढे वाटता येत नाही.

संगीताच्या बाबतीत एक अट अशी आहे की ती कळली की अनेकांचा चेहरा पडतो. गाणं किंवा ध्वनिमुद्रण चालत्या चित्राला जुळवून लावलं, की परवान्याच्या भाषेत नवी, बदललेली कृती झाली; मग गाण्याचा एक सूरही हललेला नसला तरी. म्हणजे एनडी परवान्याचं संगीत व्हिडिओच्या पार्श्वभूमीला लावून प्रसिद्ध करता येत नाही. आणि ‘बाय-एसए’ संगीत लावलंत तर अख्खा व्हिडिओ ‘बाय-एसए’खाली द्यावा लागतो. स्थिर छायाचित्राला ही अट नाही. व्हिडिओसाठी संगीत शोधताना म्हणूनच ‘बाय’ आणि ‘सीसी झीरो’ यांच्या पलीकडे जाऊच नये.

आवृत्तीचा आकडा वाचा

‘सीसी बाय’ एवढंच पाहून पुढे जाणारे चुकतात, कारण २.०, ३.० आणि ४.० यांत फरक आहेत आणि जुन्या आवृत्त्यांखालची कोट्यवधी छायाचित्रं अजून फिरताहेत. फ्लिकर या छायाचित्रं वाटायच्या संकेतस्थळाने २००४ मध्ये हे परवाने स्वीकारले आणि पुढे कित्येक वर्षं तिथे २.० हीच आवृत्ती चालत राहिली.

सगळ्यात महत्त्वाचा फरक चुकीच्या परिणामाचा आहे. जुन्या आवृत्त्यांत अट मोडली की परवाना त्याच क्षणी संपतो, आणि चूक सुधारली म्हणून तो आपोआप परत येत नाही. ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली, तर परवाना आपोआप पुन्हा चालू होतो. त्या आधीच्या उल्लंघनाबद्दल दाद मागायचा हक्कधारकाचा अधिकार मात्र शिल्लक राहतो. जुन्या आवृत्तीतल्या या कठोर कलमावर काही जणांनी धंदाच उभा केला : छायाचित्रं मोकळ्या परवान्याने पसरवायची, श्रेयात एखादा शब्द राहिला की शोधून काढायचं, आणि भरपाईची नोटीस पाठवायची. अशा लोकांना इंग्रजीत ‘कॉपीलेफ्ट ट्रोल’ म्हणतात. समोर ३.० किंवा त्याहून जुनी आवृत्ती असेल तर श्रेय काना-मात्रेसकट पूर्ण द्या.

दुसरा फरक शीर्षकाचा. ३.० पर्यंत कृतीला शीर्षक दिलेलं असेल तर ते लिहिणं बंधनकारक आहे, ४.० मध्ये नाही. तिसरा, बदल केल्याचा उल्लेख ४.० मध्ये लहान बदलालाही लागतो. सगळे नियम पाठ करण्यापेक्षा सगळ्यात कडक आवृत्तीला पुरेल असं श्रेय प्रत्येक वेळी द्यावं, डोकं शांत राहतं.

आणि एक जाता जाता. २००२ च्या १.० आवृत्तीत परवाना देणारा ‘माझ्या माहितीप्रमाणे हे हक्क माझ्याकडे आहेत’ अशी हमी देत असे. २००४ च्या २.० पासून ती काढून टाकली. आता कृती ‘जशी आहे तशी’ मिळते. या लेखाच्या मथळ्याचं मूळ तिथे आहे.

श्रेय कसं लिहायचं

चार गोष्टी लागतात : शीर्षक, निर्माता, मूळ पान, परवाना. बदल केला असेल तर पाचवी. उदाहरणार्थ :

‘पावसातला पूल’, छायाचित्र : (निर्मात्याने स्वतः लिहिलंय तसंच नाव किंवा टोपणनाव), मूळ पान : (दुवा), परवाना : सीसी बाय-एसए ४.० (परवान्याच्या पानाचा दुवा). डावी बाजू कापली, रंग कृष्णधवल केले.

‘छायाचित्र सौजन्य : गूगल’ किंवा ‘सौजन्य : इंटरनेट’ हे श्रेय नव्हेच. ‘सौजन्य : विकिपीडिया’ही पुरत नाही, कारण छायाचित्र काढणारा माणूस वेगळा असतो. दुवा मूळ पानाचा द्यायचा. थेट चित्रफाइलचा दिला तर तिथे ना नाव दिसतं ना परवाना. छापील पुस्तकात दुव्यावर टिचकी मारता येत नाही, म्हणून परवान्याचा पत्ता पूर्ण छापावा लागतो. शेवटी श्रेययादी दिली तरी चालते, मात्र पान क्रमांक देऊन कुठलं श्रेय कुठल्या चित्राचं हे कळलं पाहिजे. व्हिडिओत वर्णनाच्या चौकटीत श्रेय चालतं, पण व्हिडिओ दुसरीकडे चढवला की वर्णन मागेच राहतं. शेवटच्या पाटीवरही घ्या. परवाना ‘माध्यमाला साजेशी वाजवी पद्धत’ एवढंच म्हणतो आणि ही लवचीकता आम्हाला आवडते. फक्त निर्मात्याचा तुमच्या कामाला पाठिंबा आहे असा भास होऊ द्यायचा नाही.

मिसळण

दोन कृती शेजारी ठेवल्या, प्रत्येकीचा परवाना वेगळा दाखवला, तर तो संग्रह झाला आणि अडचण येत नाही. एकमेकींत मिसळल्या की गणित सुरू होतं. ‘बाय’ आणि ‘बाय-एसए’ मिसळलं तर निघालेली कृती ‘बाय-एसए’खाली जाते. ‘बाय-एसए’ आणि ‘बाय-एनसी’ मिसळताच येत नाही : एक म्हणतो माझ्याच परवान्याखाली, म्हणजे व्यापारी वापराला मोकळीक देऊन, वाटा, दुसरा म्हणतो व्यापारी वापर नको. ‘बाय-एसए’ आणि ‘बाय-एनसी-एसए’ यांचंही पटत नाही. अभ्यासक्रमाचं साहित्य तयार करणाऱ्यांना हे शेवटच्या आठवड्यात कळतं आणि अर्धी पानं नव्याने लिहावी लागतात. पहिल्याच दिवशी तक्ता करा. प्रत्येक चित्र-उताऱ्यापुढे परवाना आणि आवृत्ती लिहा. परवाना ठरवून शोध घ्यायचा असतो, शोध संपवून परवाना ठरवायचा नसतो.

संगणक प्रणालीच्या कोडला हे परवाने लावू नका. संस्था स्वतःच तसं सांगते. त्यासाठी जीपीएल, एमआयटी असे वेगळे परवाने आहेत.

शोधायचं कुठे, आणि फसगत कुठे

ओपनव्हर्स हे पूर्वीचं ‘सीसी सर्च’. २०२१ मध्ये ते वर्डप्रेसच्या प्रकल्पात गेलं. चित्रं आणि ध्वनी दोन्ही मिळतात, परवान्याप्रमाणे चाळणी लावता येते, श्रेयओळ तयार मिळते. मात्र ते फक्त सूची आहे. परवाना बरोबर आहे की नाही याची हमी ते घेत नाही आणि तसं स्पष्ट सांगतंही. मूळ पानावर जाऊन पाहिल्याशिवाय तिथलं काही उचलू नये.

विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या सोबतच्या भांडारात दहा कोटींहून अधिक फाइली आहेत आणि तिथे एनसी किंवा एनडी चालतच नाही, त्यामुळे ते दोन काटे आधीच निघालेले असतात. शंकास्पद फाइलींवर स्वयंसेवक उघड चर्चा करतात, त्या हटवतात. एवढी माणसांची नजर आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या कुठल्याही मोफत भांडारावर नाही. तरी चुका राहतात. फाइलच्या पानावर ‘परवानगी’ हा रकाना वाचा आणि खाली व्यक्तिहक्क किंवा बोधचिन्हाबद्दल इशारा आहे का तेही पाहा.

मोफत छायाचित्रांच्या संकेतस्थळांपैकी अनस्प्लॅश २०१७ पर्यंत आणि पिक्साबे २०१९ च्या सुरुवातीपर्यंत ‘सीसी झीरो’ वापरत. आता दोघांचे स्वतःचे परवाने आहेत. फुकट आहेत, पण मोकळे नाहीत : छायाचित्रं गोळा करून तसंच दुसरं भांडार उभारणं वगैरेंना बंदी आहे. जुन्या लेखांत अजून ‘इथलं सगळं सीसी झीरो’ असं वाचायला मिळतं, त्यावर विसंबू नका.

खरा रोग आहे तो हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्यांचा. दुसऱ्याचं छायाचित्र आपल्या खात्यावर चढवायचं, खाली ‘सीसी बाय’ लावायचं, आणि जग मोकळं करायचं. असा परवाना कागदाइतकाही मोलाचा नाही. जे आपलं नाही ते देता येत नाही. तुम्ही विश्वासाने वापरलं हे सांगून दंड कमी होईल कदाचित, पण अनेक देशांत दावा टळत नाही. ओळखायच्या खुणा अशा : त्याच खात्यावर वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची, वेगवेगळ्या शैलींची चित्रं, लहान आकाराची फाइल, छायाचित्राची अंतर्गत माहिती पुसलेली, कोपऱ्यात कापलेल्या जलचिन्हाचा तुकडा, चित्रपटाचं दृश्य किंवा वृत्तसंस्थेच्या दर्जाचं छायाचित्र एखाद्या अनोळखी खात्यावर. टिनआयसारख्या उलट्या चित्रशोधात (जिथे चित्र देऊन ते आणखी कुठे आहे हे शोधता येतं) फाइल टाका आणि निकाल ‘सर्वांत जुना आधी’ असे लावा. मोकळ्या परवान्याच्या तारखेआधी ती कुठे दुसऱ्याच्या नावाने छापलेली दिसली, तर सोडून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

मग पुरावा ठेवायचा. परवाना मागे घेता येत नाही हे खरं; निर्मात्याने उद्या तो बदलला तरी ज्याने आधी घेतलं त्याचा हक्क टिकतो. पण आधी घेतलं हे दाखवणार कसं? या परवान्यांची मध्यवर्ती नोंदवही कुठेच नाही. ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी उणीव आहे. म्हणून उतरवून घेतानाच त्या पानाचं पडद्यावरचं चित्र घ्या, ज्यात नाव, परवाना आणि तारीख दिसेल. ते पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. आणि दोन्ही मूळ फाइलसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

यूट्यूबवरचा त्रास वेगळाच आहे. तिथली स्वयंचलित ओळखयंत्रणा परवाना वाचत नाही, आवाज जुळवते. ‘बाय’ परवान्याचा तुकडा तिसऱ्याच माणसाने आपल्या गाण्यात वापरून नोंदवला असेल, तर दावा तुमच्यावर येतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या रचनेचं आजचं वादनही याच जाळ्यात सापडतं. रचना मोकळी असली तरी त्या वादनाचं ध्वनिमुद्रण नवं असतं आणि त्याचा हक्क वेगळा असतो. वर सांगितलेला फोल्डर दाव्याला उत्तर देताना उपयोगी पडतो.

परवान्यात जे नाहीच

हे परवाने कॉपीराइट आणि त्याच्या जवळच्या हक्कांपुरते आहेत. छायाचित्रातल्या माणसाची संमती, बोधचिन्हाचा ट्रेडमार्क, पेटंट यांना ते हात लावत नाहीत. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मोबाइल कंपनीने फ्लिकरवरचं ‘बाय’ परवान्याचं एका किशोरवयीन मुलीचं छायाचित्र जाहिरातीला वापरलं. छायाचित्रकाराची परवानगी परवान्यातून होती, मुलीची नव्हती. अमेरिकेत दावा लागला. तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकाली निघाला, पण कंपनीची व्हायची ती शोभा झालीच. ओळखू येणारा चेहरा, त्यातही लहान मूल, जाहिरातीत किंवा आजार-गुन्हा अशा विषयाशेजारी लावायचा असेल, तर त्या व्यक्तीचं संमतिपत्र वेगळं लागतं.

आपली कृती द्यायची असेल तर

परवाना निवडायचं साधन संस्थेच्या संकेतस्थळावर आहे आणि ते उत्तम आहे. श्रेय हवं का, व्यापारी वापर चालेल का, बदल चालतील का, चालत असतील तर त्याच परवान्याचं बंधन हवं का, असे प्रश्न क्रमाने येतात. शेवटी हक्क आपल्याकडेच आहेत आणि परवाना मागे घेता येणार नाही हे कळलंय अशी खूण करावी लागते. मग नाव आणि दुवा भरला की संकेतस्थळासाठी कोड किंवा छपाईसाठी मजकूर मिळतो. हे सगळं कुठेही नोंदलं जात नाही. तो मजकूर तुम्ही कृतीशेजारी लावला, तेव्हाच परवाना लागू होतो.

खूण करण्याआधी थांबा. नोकरीत केलेलं काम बऱ्याच देशांत मालकाचं असतं. प्रकाशकाला एकाधिकार दिलेल्या लेखावर परवाना लावायचा हक्क तुमच्याकडे उरत नाही. संगीतकाराने आपले हक्क मानधन-वसुली संस्थेकडे सोपवले असतील, तर तिचे नियम आधी पाहावे लागतात. आणि ज्या छायाचित्राच्या विक्रीवर घर चालतं त्यावर ‘बाय’ लावू नका. तीन वर्षांनी पस्तावून उपयोग नाही.

जिथे परवाना नाही तिथे पत्र

हवी ती कृती मोकळी नसेल तर मागणीपत्राला पर्याय नाही. पत्र असं लिहायचं की समोरच्याने फक्त ‘हो’ लिहिलं तरी परवानगी पूर्ण व्हावी. ‘तुमचा फोटो वापरू का?’ ‘हो, चालेल’ या संवादातून काय चालेल, कुठे, किती दिवस, काहीच ठरत नाही.

पत्रात कृतीची नेमकी ओळख द्या : शीर्षक, आवृत्ती, पान, आकृतीचा क्रमांक, उताऱ्याचे पहिले-शेवटचे शब्द, चित्राची प्रत जोडून. मग वापर : कुठल्या पुस्तकात किंवा पानावर, छापील की ई-आवृत्ती की दोन्ही, किती प्रती, कुठल्या भाषा, कुठले देश, किती मुदत, काय बदल. परवानगी एकट्या तुम्हालाच नको आहे, हक्कधारक ती इतरांनाही देऊ शकतो, हे लिहा. त्याने होकार सोपा होतो. श्रेयओळ तुम्हीच लिहून पाठवा. पुढची आवृत्ती, भाषांतर, प्रसिद्धीसाठीचा वापर हे आत्ताच मागून ठेवा, कारण राहून गेलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी पुन्हा दार ठोठवावं लागतं. आणि हा प्रश्न विसरू नका : ‘हे हक्क आपल्याकडेच आहेत का? नसल्यास कुणाकडे?’

तो प्रश्न का, ते सांगतो. पुस्तकातलं छायाचित्र प्रकाशकाने दुसऱ्याकडून एकदाच छापायच्या परवानगीने घेतलेलं असतं, पुढे द्यायचा हक्क त्याच्याकडे नसतो. अनुवादित उताऱ्यात मूळ लेखक आणि अनुवादक असे दोन हक्क असतात. निर्माता हयात नसेल तर हक्क वारसांकडे जातात आणि वारस एकापेक्षा जास्त असले तर एकाचा होकार पुरेल असं नाही. गाण्यात तर शब्द-चाल हा एक आणि ध्वनिमुद्रण हा दुसरा हक्क; व्हिडिओत मूळ गाणं लावायला दोन्हीकडची परवानगी हवी. तेच गाणं नव्याने गाऊन घेतलं तर दुसरी टळते, पहिली नाही. संशोधनपत्रिकांच्या लेखांसाठी बऱ्याच मोठ्या प्रकाशकांच्या पानावरच कॉपीराइट क्लिअरन्स सेंटरच्या राइट्सलिंकचं बटण असतं. तिथे वापर निवडला की शुल्क आणि परवाना लगेच मिळतो, कित्येकदा शुल्क शून्य दिसतं. पत्र लिहिण्याआधी ते बटण शोधा.

किमान दोन-तीन महिने हाताशी ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी एक आठवण पाठवा. फोनवर मिळालेला होकार त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ म्हणून ईमेलने लिहून पाठवा आणि दुजोरा घ्या. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास होकार समजू’ ही ओळ पत्रात घालणारे आहेत. तिला काडीचाही अर्थ नाही. उत्तर आलं नाही म्हणजे परवानगी मिळाली नाही, आणि उलट ते पत्रच तुम्हाला सगळं माहीत होतं याचा पुरावा ठरतं. तेव्हा दुसरं चित्र निवडायची तयारी ठेवूनच पहिलं पत्र टाका.

हक्कधारक उदार निघाला तर त्यालाच विचारा, की मूळ पानावर ‘सीसी बाय ४.०’ लावता का? मग पुढच्या मागणीपत्रांतून त्याचीही सुटका होते. विकिमीडियाकडे यासाठी तयार मजकूर आहे. हक्कधारकाने तो भरून आपल्या अधिकृत ईमेलवरून तिथल्या स्वयंसेवक गटाला पाठवायचा असतो. तो अडतो बहुधा एकाच कारणाने : पाठवणारा प्रेमाने लिहितो, ‘विकिपीडियावर वापरायला माझी परवानगी आहे.’ तेवढी परवानगी तिथे चालत नाही. परवाना कुठला, आवृत्ती कुठली, आणि तो कुणालाही, व्यापारी वापरासकट, हे तीनही मुद्दे स्पष्ट शब्दांत यावे लागतात. नाहीतर फाइल हटवली जाते.